डोळे आलेत असं वाटतंय, मेडिकलमधून ड्रॉप्स घेऊन घातले तर चालेल का?

मुलीचा उजवा डोळा कालपासून लाल आहे, पाणी येतंय, वर्गातल्या चार-पाच मुलांचे डोळे आलेत, आणि घरात गेल्या वर्षीचे ड्रॉप्स आहेत ते घालू का, असं तुम्ही विचारलंय. ते ड्रॉप्स आधी टाकून द्या. बहुतेक ड्रॉप्सची बाटली उघडली की महिनाभरच वापरायची असते, एक्स्पायरी पुढची असली तरी.

मी सांगली जिल्ह्यात 14 वर्षं मेडिकल चालवते. जुलै 2023 मध्ये आळंदीत साथ पसरली, त्यानंतर आमच्याकडेही रोज माणसं 'साथीचे ड्रॉप्स' मागायला यायची. असे ड्रॉप्स नसतात. साथीत येणारे डोळे बहुधा विषाणूमुळे येतात. आधी एक डोळा, दोन दिवसांनी दुसरा. पातळ पाणी, चुरचुर, कधी सोबत सर्दी नि घसा. हे एक-दोन आठवड्यांत आपलं आपण बरं होतं, अँटिबायोटिकचा त्यावर उपयोग नाही. पिवळं-हिरवं चिपड दिवसभर येत असेल, सकाळी पापण्या चिकटून डोळा उघडतच नसेल, तर जिवाणूंचा संशय घ्यायचा. दोन्ही डोळ्यांना नुसती खाज आणि शिंका असतील तर बहुतेक ॲलर्जी.

काउंटरवर मी आधी विचारते: दुखतंय की नुसतं खुपतंय? उजेड सहन होतो का? पापणी मिटून उघडली तरी अंधुकच दिसतं का? लेन्स वापरता का? डोळ्यात काही गेलं होतं का? लोकांना वाटतं ही उगाच चौकशी करतेय.

दोन वर्षांपूर्वी उसाच्या तोडीवरचे एक काका असेच ड्रॉप्स मागायला आले. एकच डोळा लाल, आणि ते दाराकडे, उजेडाकडे बघेनात. खोदून विचारलं तर म्हणाले, "चार दिवसांमागं पातं लागलं होतं." बुबुळावर पांढुरका ठिपका मला नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. मी काहीच दिलं नाही, थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. बुरशीची जखम निघाली. डोळा वाचला, डाग राहिला. त्यांनी शेजाऱ्याकडचे स्टेरॉइडचे ड्रॉप्स घातले असते तर चार तास लाली उतरली असती आणि आत बुरशी फोफावली असती. म्हणून कुठलेही ड्रॉप्स हातात आले की लेबल वाचा: डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन, लोटेप्रेडनॉल यातलं काहीही असेल तर ते डॉक्टरांनी डोळा तपासल्याशिवाय घालायचं नाही. नागिणीच्या जातीचा संसर्ग असेल तरी ते घातक, आणि फार दिवस घातले तर डोळ्यातला दाबही वाढतो. वाचता येत नसेल तर मेडिकलवाल्याला सरळ विचारा, "यात स्टेरॉइड आहे का?" त्याला राग येत असेल तर दुकान बदला.

तुमच्या मुलीला वेदना नसतील आणि नीट दिसत असेल, तर उकळून गार केलेल्या पाण्यात स्वच्छ कापूस भिजवून डोळ्याच्या नाकालगतच्या कोपऱ्यातून बाहेरच्या बाजूला पुसा, दर वेळी नवा कापूस. गार पट्टी ठेवा. डोळा ओला ठेवणारे साधे थेंब, म्हणजे कार्बॉक्सीमिथाइल सेल्युलोजचे, फार्मासिस्टला विचारून घेता येतील. अँटिबायोटिकसाठी चिठ्ठी लागते. आम्ही ती मागतो म्हणून चिडू नका. थेंब घालताना खालची पापणी ओढून तिथे एकच थेंब सोडा, बाटलीचं टोक डोळ्याला टेकवू नका, आणि मग नाकालगतचा कोपरा मिनिटभर दाबून धरा. गुलाबपाणी, मध, अंगावरचं दूध यातलं काही नको.

टॉवेल आणि उशीचा अभ्रा तिचा वेगळा, हात साबणाने. नुसतं बघून डोळे येत नाहीत, हातांनी येतात; त्यामुळे काळ्या चष्म्याने तिला उजेडाचा त्रास कमी होईल एवढंच.

दुखायला लागलं, उजेड नको झाला, अंधुक दिसलं किंवा तीन-चार दिवसांत उतार नाही, तर डॉक्टर. महिन्याच्या आतलं बाळ असेल किंवा लेन्सवाला असेल तर त्याच दिवशी. आणि तंबाखूच्या पुडीतला चुना डोळ्यात उडाला असेल तर आधी नळाच्या वाहत्या पाण्याखाली निदान 20 मिनिटं डोळा धुवा, आणि मग लगेच दवाखाना गाठा. आमच्या दुकानात थांबू नका.