प्लॉट विकल्यावरही वरचं रान मोकळं कसं राहील?

प्रश्न: दोडामार्ग तालुक्यात आम्हा तीन भावंडांची सामाईक चौदा एकर जमीन आहे. मधून व्हाळ (ओढा) जातो आणि त्याच्या कडेने गवे, कधीकधी हत्ती ये-जा करतात. रस्त्याकडच्या सहा एकरांत घरांचे प्लॉट पाडून विकायचे आणि वरचे आठ एकर कायमचे मोकळे ठेवायचे, असं आमचं ठरलं आहे. एक विकासक सगळ्या चौदा एकरांचं कुलमुखत्यारपत्र मागतो आहे. वरचा भाग नकाशात ‘ओपन स्पेस’ दाखवू, असं तो म्हणतो. एवढं पुरेल का?

उत्तर: पुरणार नाही, आणि चौदा एकरांचं कुलमुखत्यारपत्र तर अजिबात देऊ नका. ते दिलंत की कोणत्या अटीवर काय विकायचं, हे तोच ठरवेल.

आधी नकाशातल्या ओपन स्पेसबद्दल. 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये (प्लॉट पाडण्याच्या मंजूर आराखड्यात) 10 टक्के जागा मोकळी सोडणं बंधनकारक असतं. चौदा एकरांवर हे सुमारे 56 गुंठे होतात आणि तुम्हाला 320 गुंठे राखायचे आहेत. उरलेले 264 गुंठे तुमच्या राजीखुशीने सोडलेले ठरतील. सुधारित लेआउट मंजूर करून घेतला की ते पुन्हा विक्रीला येऊ शकतात. रेरा कायद्याच्या (स्थावर मालमत्ता नियमन कायद्याच्या) कलम 14 मुळे मंजूर नकाशा बदलायला दोन तृतीयांश प्लॉटधारकांची लेखी संमती लागते. हा आधार खरा आहे, पण भाव चढले की संमतीही मिळते.

म्हणून जमीनच आधी वेगळी करा. भूमी अभिलेख कार्यालयाकडून पोटहिस्सा मोजणी करून आठ एकरांचा स्वतंत्र सातबारा काढा आणि लेआउट फक्त सहा एकरांचा करा. त्या 240 गुंठ्यांत आठ गुंठ्यांचे वीस प्लॉट, रस्त्यांना साधारण 36 गुंठे, कायद्याने लागणारी मोकळी जागा 24 गुंठे, आणि टाकी व सुविधांसाठी 20 गुंठे असा मेळ बसतो. अंतिम आकडे नगररचना कार्यालय ठरवेल.

आता मुख्य गोष्ट. ‘ही जमीन वन्यजीवांसाठी कायम राखीव’ असं खाजगी दस्तात लिहून ती पुढच्या सगळ्या मालकांना बांधता येईल, असा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. जवळचं साधन मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 मध्ये आहे. कलम 11 नुसार विकलेल्या जमिनीच्या वापरावर घातलेली अट एरवी रद्द ठरते. विक्रेत्याच्या लगतच्या जमिनीच्या फायद्यासाठी ती घातली असेल तर मात्र टिकते. आठ एकर तुमच्याकडेच असल्याने प्लॉटवर अटी घालता येतील. उलट बाजूने, ‘वरच्या आठ एकरांत बांधकाम करणार नाही, तुकडे पाडणार नाही’ अशी हमी प्रत्येक खरेदीखतात द्या. कलम 40 प्रमाणे ती मोडणाऱ्याला रोखण्याचा हक्क प्रत्येक प्लॉटधारकाला मिळतो. तुमचे वारस आणि हमीची माहिती असलेले पुढचे खरेदीदार, दोघांनाही ती लागू होते.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली वाक्यरचनेची. ‘झाडं लावीन, व्हाळ साफ ठेवीन’ असं करण्याचं वचन पुढच्या खरेदीदाराला बांधत नाही. ‘कुंपण घालणार नाही, प्रवाह अडवणार नाही’ अशी मनाई बांधते. दुसरी चूक परिशिष्टातली. दस्तात फक्त प्लॉटचं वर्णन असतं आणि वरच्या आठ एकरांचा गट व हिस्सा क्रमांक राहून जातो. मग दहा वर्षांनी कुणी त्या गटाचा शोध घेतला तर सूची-2 मध्ये (नोंदणी झालेल्या दस्तांच्या यादीत) काहीच सापडत नाही आणि ‘मला माहीत नव्हतं’ म्हणणारा, मोबदला दिलेला खरेदीदार सुटतो. दोन्ही मिळकती परिशिष्टात लिहा आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नोंदीसाठी तलाठ्याकडे अर्ज द्या.

याहून पक्कं हवं असेल तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 चं कलम 36-सी (36C) आहे. त्याखाली खाजगी मालकही स्वतःहून आपली जमीन सामुदायिक राखीव क्षेत्र म्हणून देऊ शकतो. मालकी तुमचीच राहते. मात्र जमिनीचा वापर बदलायला व्यवस्थापन समितीचा ठराव आणि राज्य शासनाची मंजुरी लागते. परत फिरणं अवघड आहे, म्हणून तिघांची लेखी एकवाक्यता आधी करा. माझ्या मते, ‘कायमचं’ हा शब्द तुम्ही मनापासून वापरला असेल तर हाच मार्ग धरा.

कोणताही खर्च करण्यापूर्वी सातबारा आणि जुने फेरफार काढा. वनसंज्ञा (जमीन वन असल्याचा शेरा) किंवा खाजगी वनाची नोंद असेल तर 1980 च्या वन कायद्याखाली केंद्राच्या मंजुरीशिवाय लेआउट होणारच नाही. जमीन कोणत्या वापराच्या विभागात येते, याचा झोन दाखला नगररचनेकडून घ्या. शिवाय सावंतवाडी-दोडामार्ग वन्यजीव भ्रमणमार्गातल्या 25 गावांबाबत मुंबई उच्च न्यायालयाने मार्च 2024 मध्ये आदेश दिला आहे. पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राची अंतिम अधिसूचना निघेपर्यंत तिथे वृक्षतोडीला मनाई आहे. तुमचं गाव त्यात असेल तर अंतर्गत रस्ता झाडं वाचवूनच आखावा लागेल. प्लॉट विक्रीची जाहिरात महारेरा (राज्याचं रेरा प्राधिकरण) नोंदणीनंतरच करा. बिनशेती न करता ‘अविभाज्य हिस्सा’ विकण्याची कल्पना कुणी मांडली तर नकार द्या. त्यात खरेदीदाराला ठरावीक जागा मिळत नाही आणि बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकल्यास कुळकायद्याच्या कलम 63 चा भंग होतो.

प्लॉटच्या अटींत वरच्या हद्दीला गडगा (दगडी कुंपण) किंवा तारकुंपण नको, रानाकडे तोंड केलेले दिवे नकोत, मोकाट कुत्री नकोत आणि त्या बाजूला केळी नकोत, हे स्पष्ट लिहा. केळीच्या ओढीने हत्ती घरापर्यंत येतो. व्हाळावरचा रस्ता लहान पाइप घालून भरावावर नेऊ नका, रुंद मोरी बांधा. दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांचे गटही पाहून घ्या. तिथे गडगा उभा राहिला तर तुमच्या आठ एकरांत शिरलेल्या गव्याला पुढे वाटच उरणार नाही. त्यांच्याशी व्हाळाकाठच्या पट्ट्यापुरता नोंदणीकृत करार होतो का, हे पहिल्या प्लॉटची बोलणी सुरू होण्याआधी विचारून पाहा.