टायर फाटले, क्लेम नाकारला. आता टायरचे अ‍ॅड-ऑन घ्यावे का?

प्रश्न : पावसाळ्यात भिवंडीजवळ गाडी खड्ड्यात आदळली. डावीकडचे दोन्ही टायर फाटले (१४,००० रुपये), पुढची अलॉय रिम वाकली (४,००० रुपये). ‘टायर पॉलिसीत बसत नाहीत’ म्हणून कंपनीने क्लेम फेटाळला. आता नूतनीकरणाच्या वेळी शोरूमवाले म्हणतात, टायरचे अ‍ॅड-ऑन (जादा हप्ता भरून घ्यायचे पूरक संरक्षण) घ्या, नाहीतर कॅशलेस (कंपनीने बिल थेट गॅरेजला देणे) मिळणार नाही. गाडी १,२०० सीसीची, वर्ष चौथे, नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी, वर्षागणिक वाढणारी सूट) ३५ टक्के. काय करू? – एक वाचक, नाशिक

उत्तर : क्लेम फेटाळणे मला चुकीचे वाटते. नेहमीच्या पॅकेज पॉलिसीत (स्वतःच्या गाडीचे आणि दुसऱ्याचे, दोन्ही नुकसान धरणाऱ्या) टायरचे नुकसान वगळलेले असते हे खरे. पण त्याच कलमात पुढे लिहिलेले असते, की त्याच वेळी गाडीचेही नुकसान झाले तर नव्या टायरच्या ५० टक्के किमतीपर्यंत कंपनी देणे लागते. रिम म्हणजे टायर नव्हे, ती वाकली म्हणजे गाडीचेही नुकसान झालेच. सर्व्हेअरच्या (नुकसानीची पाहणी करणाऱ्याच्या) अहवालात रिमची नोंद आहे का ते आधी पाहा. नसेल तर बिल आणि फोटो जोडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. मात्र वर्षाची मुदत पाळा.

पण भांडायच्या आधी हिशेब मांडा. टायरचे ७,०००, रिमचे २५ टक्के घसारा (गाडीच्या वयामुळे धरलेली किमतीतली घट) जाऊन ३,०००, त्यातून सक्तीची वजावट (क्लेममध्ये तुम्हीच सोसायची रक्कम) १,०००. हाती येणार ९,०००. आणि बोनस शून्यावर! यंदा मिळणारे ४५ टक्के गेले. पुढे २०, २५, ३५ अशी शिडी पुन्हा चढायची. ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा) मूळ हप्ता ८,००० धरला, तर पाच नूतनीकरणांत मिळून साडेनऊ हजारांच्या आसपास सूट बुडते. गाडीची किंमत उतरेल तशी थोडी कमी, इतकेच. कायदा तुमच्या बाजूने असूनही मी तुमच्या जागी असतो तर हा क्लेम सोडून दिला असता.

अ‍ॅड-ऑनची परीक्षाही इथेच होते. त्याखाली क्लेम केल्यावर बोनस टिकतो का, हे पत्रकात नव्हे, पॉलिसीच्या मजकुरात वाचा. टिकत नसेल तर एका टायरसाठी ते कोणी वापरणार नाही. टिकत असेल आणि तुमचे कसाऱ्याकडून वरचेवर येणे-जाणे असेल, तर नव्या टायरवर घ्यायला हरकत नाही. जुन्यावर नको: बहुतेक ठिकाणी टायरची नक्षी जितकी शिल्लक, तितकीच भरपाई. पंक्चर आणि नुसती झीज यांचे पैसे मिळत नाहीत. आदळून साइडवॉलला आलेला फुगा धरतात का, तेवढे विचारून घ्या.

कॅशलेसची धमकी पोकळ आहे. कायद्याने सक्ती आहे ती फक्त थर्ड पार्टी विम्याची, म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाले तर त्याची भरपाई देणाऱ्या विम्याची. एक सेवा हवी तर दुसरी घ्याच, असा आग्रह २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात निर्बंधात्मक व्यापारी प्रथा ठरतो. शोरूमवाल्यांना ते ईमेलवर लिहून द्यायला सांगा. टाळाटाळ केली तर पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडून घ्या. बोनस तुमचा आहे, तो तुमच्याबरोबर तिकडे जातो.