"काकू, एवढं लिहून कशाला द्यायचं?"

घरी पाळणाघर चालवणाऱ्या बायका समुपदेशनासाठी माझ्याकडे 'पाळणाघराचा प्रश्न' घेऊन सहसा येत नाहीत. झोप लागत नाही, घरच्यांवर उगाच खेकसायला होतं, संध्याकाळ झाली की पोटात गोळा येतो, अशा तक्रारी घेऊन येतात. डोंबिवलीच्या या काकूही तशाच आल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. नावाची गरजच नाही, लहानथोर सगळे त्यांना 'काकू'च म्हणतात.) सगळ्या तपासण्या नॉर्मल आल्या, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना "एकदा बोलून बघा" म्हणून पाठवलं होतं.

वीसेक वर्षं त्या घरातच मुलं सांभाळतात. आयांची सकाळची फास्ट चुकू नये म्हणून पहिलं मूल सातला दारात हजर असतं. शेवटचं मूल संध्याकाळी सातला जायला हवं, पण ते साडेसातला जातं, आठला जातं, कधी पावणेनऊला. साडेसहाला फोन वाजला की पोटातला गोळा सुरू. "काकू, आज जरा उशीर होईल हं."

"मग तुम्ही काय म्हणता?"

"काय म्हणणार? 'असू दे गं, सावकाश ये.' आणि फोन ठेवला की ह्यांच्यावर ओरडते, भाजी का नाही चिरून ठेवली म्हणून."

उशीर हे एकच दुखणं नव्हतं. तापाचं औषध पाजून मूल पाठवायचं आणि दुपारी अंग तापलं की "सकाळी अगदी छान होता हो" म्हणायचं. दिवाळीत आठवडाभर सुट्टी असली की फी कापून द्यायची. डायपर संपल्याचं तीनदा सांगूनही ते यायचे नाहीत. मी विचारलं, की हे सगळं प्रवेशाच्या वेळीच पालकांना एका पुस्तिकेत लिहून का देत नाही? त्या दचकल्याच. "लिहून दिलं की धंदा झाला, ताई. आत्ता घरचं नातं आहे. दुखावतील लोक. आणि शेजारच्या विंगेत दुसरं पाळणाघर निघालंय."

ही धास्ती मी शिकवणी घेणाऱ्यांकडून ऐकली आहे, डबे देणाऱ्यांकडूनही. घरातून काम करणाऱ्या बहुतेक बायकांना वाटतं की कागद पुढे केला की माया आटली. माझा अनुभव याच्या उलट आहे. नियम मोडला त्याच दिवशी तो पहिल्यांदा तोंडी सांगितला, की समोरच्याला तो आरोपच वाटतो. आई आधीच ठाण्यापासून दारात लटकत आलेली असते, उशीर झाल्याने कानकोंडी असते. त्या क्षणी "सातची वेळ ठरली होती ना" एवढं वाक्यही तिला चपराक वाटतं. तेच वाक्य जूनमध्ये, कुणी कुणावर चिडलेलं नसताना, चहा पिता पिता वाचलं तर ती नुसती माहिती असते. पुस्तिका कशासाठी, तर यासाठी. पालकांना शिस्त लावण्यासाठी नव्हे.

काकूंना मी म्हटलं, मनात येईल ते आधी एका वहीत लिहून काढा. पुढच्या वेळी शंभरपानी वही घेऊन आल्या, अर्धी भरलेली. ती पुस्तिका नव्हती, फिर्याद होती. 'काही आया मुलाचे कपडे सुद्धा नीट पाठवत नाहीत.' 'आजारी मुलाला पाठवून दुसऱ्यांच्या जिवाशी खेळू नये.' हे लिहून होणं गरजेचं होतं, पण पालकांच्या हातात देण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. मग आम्ही एकेक वाक्य घेऊन विचारत गेलो: मी काय करीन, तुम्ही काय करायचं, आणि नाही जमलं तर काय होईल? आजारपणाचं वाक्य शेवटी असं झालं:

'तापाचं औषध न देता 24 तास ताप आला नसेल, तर मूल पाठवावं. इथे असताना ताप आला तर मी आधी आईला, मग बाबांना, मग तुम्ही दिलेल्या तिसऱ्या नंबरवर फोन करीन. न्यायला येईपर्यंत मूल माझ्याजवळ वेगळं झोपवीन. कांजिण्या असतील तर सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरी ठेवावं.'

राग गेला, नेमकेपणा आला. तिसऱ्या नंबरची कल्पना काकूंचीच, आणि ती सगळ्यात उपयोगी ठरली. आईवडील दोघंही लोकलमध्ये असले की दोघांचेही फोन लागत नाहीत, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार.

याच सुमारास भाच्याने त्यांना अमेरिकेतल्या कुठल्या पाळणाघराची पुस्तिका फोनवर पाठवली. चाळीसेक पानं, आणि उशीर झाला तर मिनिटाला एक डॉलर. काकूंना दंडाची कल्पना भलतीच आवडली. मी त्यांना हैफाची गोष्ट सांगितली. इस्रायलमधल्या या शहरात दोन अर्थशास्त्रज्ञांनी दहा पाळणाघरांचा अभ्यास केला होता, 2000 साली तो प्रसिद्ध झाला. त्यातल्या काही ठिकाणी दहा मिनिटांपेक्षा जास्त उशिराला दहा शेकेल दंड ठेवला. उशीर कमी व्हायच्या ऐवजी जवळजवळ दुप्पट झाला. आधी पालकांना निदान ओशाळल्यासारखं वाटायचं. दंड आला आणि त्यांच्या लेखी उशिराची किंमत चुकती झाली. पुढे दंड काढून टाकला, तरी उशीर काही पूर्वीइतका खाली आला नाही. काकू म्हणाल्या, "म्हणजे पैसे देऊन माझी संध्याकाळच विकत घेतली की!"

तेव्हा दंड बाद. त्याऐवजी सात ते आठ ही जादा वेळ ठेवली, महिन्याच्या सुरुवातीला सांगून घ्यायची, तिची वेगळी फी. ती न घेणाऱ्यांना सातची वेळ. उशीर होणार असेल तर साडेसहाच्या आत फोन, आणि न्यायला दुसरं कुणी येणार असेल तर ते यादीतलंच माणूस हवं. यादीत नाव आणि फोटो आईवडिलांनी सहीनिशी द्यायचा. 'मामा आलाय म्हणून सोडलं' हे चालणार नाही. आईवडील वेगळे राहत असतील आणि ताब्याबद्दल न्यायालयाचा आदेश असेल, तर त्याची प्रत. हे लिहिताना काकू अवघडल्या होत्या. पण त्या भांडणात पाळणाघराच्या दारात उभ्या राहिलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, म्हणून मी हे कलम सोडू दिलं नाही.

लोकल बंद पडल्या तर काय, यावर मात्र मला काही सांगावं लागलं नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, गाड्या जागच्या जागी थांबल्या, फोन लागेनात. त्या रात्री चार मुलं काकूंकडेच झोपली होती; एकीची आई दुसऱ्या दिवशी रुळांवरून चालत आली. 'गाड्या बंद असतील तर कितीही वाजले तरी मूल माझ्याकडे सुरक्षित आहे, जेवून झोपेल, याचे पैसे नाहीत. धोका पत्करून येऊ नका.' हे वाक्य त्यांनी एका दमात लिहिलं. मी ते पहिल्या पानावर घ्यायला लावलं. नियमांच्या आधी वचन वाचायला मिळालं की पुढच्या नियमांना टोक राहत नाही.

औषधाच्या पानावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला. कारण फ्रीजवरच्या डब्यात काकूंकडे पॅरासिटामॉलच्या दोन बाटल्या होत्या, दोन मुलांच्या, एकाच कंपनीच्या, जवळपास सारख्या दिसणाऱ्या. एक ड्रॉप्स, एक सिरप. दोन्ही आयांचा निरोप एकच: "अंग गरम वाटलं तर अर्धा चमचा द्या." आता हिशोब करा. ड्रॉप्समध्ये साधारणपणे 1 मिलीत 100 मिलिग्रॅम औषध असतं. सिरपमध्ये 5 मिलीत 120 किंवा 125, काहींत 250. अर्धा चमचा म्हणजे अडीच मिली. 125 च्या सिरपमधून बाळाच्या पोटात साठ-बासष्ट मिलिग्रॅम जाईल, ड्रॉप्समधून अडीचशे. चौपट! आणि चमचा कुठला, हा प्रश्न वेगळाच. हे कागदावर मांडल्यावर काकू बराच वेळ बाटल्यांकडे बघत बसल्या. पुस्तिकेत आता आहे: डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय कुठलंही औषध देणार नाही, बाटलीवर मुलाचं नाव, मात्रा मिलीमध्ये, बाटलीसोबतचा ड्रॉपर किंवा मापाचं झाकण, शेवटचा डोस किती वाजता दिला ते सकाळी लिहून. 'सर्दीचं देशी औषध आहे, काही होत नाही' यालाही हेच लागू. वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोट नाही, मग आजीने कितीही सांगितलं तरी.

काकू खऱ्या अर्थाने रागावल्या त्या एकदाच. मी म्हटलं, दिवसभर घरात कोण कोण असतं हेही लिहा. "माझ्या नवऱ्यावर संशय घेतील लोक?" काका नुकतेच निवृत्त झालेले, मुलांना गोष्टी सांगणारे. मी म्हटलं, संशयाचा प्रश्नच नाही. आपलं बाळ दिवसातले दहा-बारा तास ज्या घरात असतं तिथे कोण राहतं, हे कळण्याचा आईवडिलांना हक्क आहे, आणि ते तुम्ही न विचारता सांगितलंत तर तुमचं वजन वाढेल. 2016 मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात बाळाला झालेली मारहाण कॅमेऱ्यात दिसली, तेव्हापासून प्रत्येक आईच्या मनात ती चित्रफीत आहे. ती बोलून दाखवत नाही एवढंच. एक आठवडा गेला. मग काकूंनीच लिहून आणलं: घरात मी, माझे पती, संध्याकाळी सातनंतर मुलगा. मदतीला एक ताई. मुलांची शी-शू, आंघोळ, कपडे फक्त मी किंवा ताई करतो. दार कधीही वाजवा, आधी फोन करायची गरज नाही. खाली आणखी एक ओळ घेतली, की मुलाच्या अंगावर खूण दिसली तर मी विचारीन, आणि लैंगिक छळाची शंका आली तर 2012 च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं मला बंधनकारक आहे. 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर दारामागे चिकटवला.

सगळं मिळून चार पानं झाली. लसीकरणाच्या कार्डाची प्रत, पाच तारखेच्या आत फी, सुट्ट्यांची तारखांसकट यादी हे किरकोळ अर्ध्या पानात आटपलं. शेवटचं पान पालकांनी भरायचं: झोपताना काय लागतं, कशाला घाबरतो, शू लागली की कुठला शब्द वापरतो. (एक मूल 'पाणी' म्हणायचं. काकू त्याला आठवडाभर पाणी पाजत होत्या.)

काकूंचा बेत होता की पीडीएफ व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची आणि रात्रभर फोन बंद ठेवायचा. मी नको म्हटलं. ग्रुपवर एकाने 'काकू, एवढं लिहून कशाला द्यायचं?' असं लिहिलं, की बाकीचे गप्प बसतात आणि त्या गप्प बसण्याचा अर्थ काकू रात्रभर लावत बसणार. दोन शनिवारी एकेका घराला बोलावलं. चहा, छापील प्रत, आणि पहिलं पान काकूंनी स्वतः वाचून दाखवायचं. उत्तर प्रदेशातल्या एका कुटुंबासाठी हिंदी प्रत काढली. खाली सहीच्या जागी 'मान्य आहे' ऐवजी 'वाचलं, बोललो' असं ठेवलं आणि नव्या अटी लागू व्हायला दीड महिना दिला. जुन्या पालकांना ही सवड द्यायलाच हवी. उद्यापासून वेळ बदलली तर त्यांनी जायचं कुठे?

काय झालं? एक कुटुंब गेलं. "विश्वासावर चाललं होतं, आता कागद आला" म्हणाले. काकू दोन दिवस रडल्या. महिन्याभरात ती जागा भरली, पण म्हणून ते जाणं त्यांना लागलं नाही असं नाही. सगळ्यात उशिरा येणाऱ्या बाबांनी सात ते आठची वेळ निमूटपणे घेतली, उलट म्हणाले, "बरं झालं, रोज सॉरी म्हणायचा कंटाळा आला होता." दोन्ही बाटल्यांवर नावं आली. एकटीने मूल वाढवणाऱ्या एका आईकडून काकू जादा वेळेचे पैसे घेत नाहीत. मला त्यात काही वावगं वाटत नाही. तो निर्णय आता त्या आपणहून घेतात, साडेसहाच्या फोनवर घाबरून नाही. गोळा पुरता गेलेला नाही. कमी झाला आहे, आणि भाजीवरून ओरडणं थांबलंय असं काका सांगतात.

सध्या दुसरी आवृत्ती चालू आहे. एका वडिलांनी विचारलं, "मुलांना मोबाइल दाखवता का?" हे पुस्तिकेत नव्हतंच. काकूंनी पटकन 'नाही' लिहिलं आणि मग खोडलं, कारण ते खरं नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलं आहे, की वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना फार तर दिवसाला तासभर. ते मी त्यांना दाखवलं, बाकी त्यांच्यावर सोडलं. नवं वाक्य असं आहे: 'मोबाइल देत नाही. दुपारी वरणभात भरवताना मोठ्या मुलांना पंधरा-वीस मिनिटं टीव्हीवर गाणी लावते. तान्ही बाळं तेव्हा आतल्या खोलीत ताईकडे असतात. तुमच्या मुलाला टीव्ही नको असेल तर सांगा, त्याला मी खिडकीत बसवून भरवीन, फक्त वेळ जास्त लागेल.'