सायप्रसची फाळणी आपल्यासारखी धर्मावरून झाली का?

तुमचा प्रश्न असा: सायप्रससारख्या एवढ्याशा बेटाचे दोन तुकडे कसे झाले, आपल्यासारखी ती धर्मावरची फाळणी होती का, आणि दोन्हीकडची माणसं आज एकमेकांशी बोलतात का?

सायप्रसच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या लिमासोलला जहाजांचं व्यवस्थापन बघणाऱ्या एका कचेरीत मी सहा वर्षं नोकरी केली. जाताना माझ्याही डोक्यात हेच होतं, की तिकडे ख्रिश्चन, इकडे मुसलमान, पटलं नाही, वेगळे झाले. तिथे राहिल्यावर हे चित्र टिकलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी धर्माचं सांगतो. १५७०-७१ मध्ये उस्मानी तुर्कांनी व्हेनिसकडून बेट जिंकलं, तेव्हापासून इथे ग्रीक बोलणारे ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन आणि तुर्की बोलणारे मुसलमान शेजारी शेजारी राहिले. कित्येक गावं मिश्र होती. पाफोस भागातल्या बऱ्याच तुर्की सायप्रियटांची (सायप्रियट म्हणजे सायप्रसचा रहिवासी) घरातली बोली ग्रीकच होती. ‘लिनोबांबाकी’ नावाचा एक समाज होता. लिनो म्हणजे लिनन, बांबाकी म्हणजे कापूस. ही माणसं बाहेर मुसलमान, घरात ख्रिश्चन, आणि नावं दोन्हीकडे चालतील अशी. दोन धाग्यांचं कापड म्हणून लोकांनीच ठेवलेलं हे नाव. १९४८ साली मावरोवुनीच्या तांब्याच्या खाणीत मोठा संप झाला, तेव्हा ग्रीक आणि तुर्की मजूर महिनोन् महिने एकत्र संपावर होते. शतकानुशतकांचं वैर असतं तर असला संप एक आठवडाही चालला नसता.

भांडण लागलं ते बेट कुठल्या देशाचं यावरून. १८७८ मध्ये कारभार ब्रिटिशांकडे आला. त्यांच्या काळात शाळा वेगळ्याच राहिल्या. ग्रीक मुलं ग्रीसची पुस्तकं वाचायची, तुर्की मुलं तुर्कस्तानची. एका गल्लीतल्या मुलांना दोन वेगळ्या मातृभूमी शिकवल्या गेल्या. माझ्या मते फाळणीचं बी इथे पडलं. ग्रीकांची मागणी ‘एनोसिस’, म्हणजे ग्रीसमध्ये विलीन होणं. जानेवारी १९५० मध्ये चर्चने सार्वमत घेतलं, त्यात ९५ टक्क्यांहून जास्त ग्रीक सायप्रियटांनी त्यावर सही केली. तुर्की सायप्रियटांना वाटलं, ग्रीसमध्ये गेलो तर आपण संपलो. त्यांची घोषणा झाली ‘तक्सीम’. हा अरबी शब्द आपल्याकडेही आहे. जुन्या वतनाच्या कागदांत ‘तक्षीम’ म्हणजे वाटा आणि ‘तक्षीमदार’ म्हणजे वाटेकरी. मी हा शब्द राजधानी निकोसियाच्या संग्रहालयात वाचला तेव्हा थबकलोच.

१ एप्रिल १९५५ ला ‘इओका’ या ग्रीक संघटनेने ब्रिटिशांविरुद्ध बॉम्बस्फोट सुरू केले. त्यांना आवरायला ब्रिटिशांनी सहायक पोलिसांत भरती केली ती मुख्यतः तुर्की सायप्रियटांची. म्हणजे ‘इओका’ने पोलीस मारला की मरणारा बहुतेक तुर्की, आणि सूड घ्यायला त्याचा शेजारी. पुढे तुर्कांचीही ‘टीएमटी’ ही संघटना उभी राहिली. दोन्ही संघटनांनी आपल्याच समाजातल्या मवाळ माणसांनाही सोडलं नाही. एप्रिल १९६५ मध्ये कावाझोग्लू हा तुर्की आणि मिसियाउलिस हा ग्रीक, असे दोन कामगार पुढारी एकाच गाडीतून जाताना एकत्र मारले गेले.

१६ ऑगस्ट १९६० ला स्वातंत्र्य मिळालं, पण राज्यघटना झ्युरिक आणि लंडनमध्ये ठरलेली. तिच्यावर सायप्रियट जनतेचं मत घेतलं नव्हतं. राष्ट्राध्यक्ष ग्रीक, उपराष्ट्राध्यक्ष तुर्की आणि त्याला नकाराधिकार. मंत्री ७ आणि ३. खासदार ३५ आणि १५. सरकारी नोकऱ्या ७० टक्के आणि ३० टक्के, सैन्य ६० आणि ४०. तुर्की सायप्रियटांची लोकसंख्या सुमारे १८ टक्के होती, म्हणून ग्रीकांना हे अन्यायाचं वाटलं, तर तुर्कांना हीच आपली शेवटची ढाल वाटली. करांच्या कायद्याला दोन्ही गटांचं स्वतंत्र बहुमत लागायचं, म्हणून करच अडकून पडले. आर्मेनियन आणि मॅरोनाइट या छोट्या ख्रिश्चन समाजांना तर विचारलं गेलं, की ग्रीक होणार की तुर्की? तिसरं खातंच नव्हतं. सगळीकडे माणसं जातीच्या रकान्यात मोजली जाऊ लागली की काय होतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. शिवाय ब्रिटन, ग्रीस आणि तुर्कस्तान हे तीन ‘हमीदार’, म्हणजे या व्यवस्थेची हमी घेणारे देश, आणि ब्रिटनचे दोन लष्करी तळ कायमचे. ते आजही ब्रिटनच्याच मालकीचे आहेत, बेटाच्या साधारण ३ टक्के जमिनीवर.

नोव्हेंबर १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष आर्चबिशप मकारिओस यांनी घटनेत १३ दुरुस्त्या सुचवल्या. डिसेंबरात निकोसियात गोळीबार झाला आणि दंगली पेटल्या. ३० डिसेंबरला पीटर यंग या ब्रिटिश जनरलने नकाशावर हिरव्या पेन्सिलीने रेघ ओढली. त्यातूनच ‘ग्रीन लाइन’ हे नाव आलं. पुढच्या काही महिन्यांत सुमारे २५,००० तुर्की सायप्रियट घरदार सोडून नाकेबंदीतल्या वस्त्यांत कोंडले गेले. बरेच लोक फाळणी १९७४ ची म्हणतात, पण ही रेघ त्याच्या ११ वर्षं आधीची आहे. मार्च १९६४ मध्ये संयुक्त राष्ट्रांचं शांतिसैन्य आलं. त्याचे पहिले सेनापती ग्यानी, मग जनरल थिमय्या, हे दोघेही भारतीय. थिमय्या १८ डिसेंबर १९६५ ला तिथेच हृदयविकाराने वारले. सायप्रसने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढलं. कचेरीतल्या एका म्हाताऱ्या शिपायाला मी भारतीय आहे म्हटल्यावर पहिलं नाव थिमय्यांचं आठवलं होतं.

१९७४ चं सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून थोडक्यात. १५ जुलैला ग्रीसच्या लष्करशाहीने मकारिओस यांच्याविरुद्ध बंड घडवून आणलं. २० जुलैला तुर्कस्तानचं सैन्य उत्तर किनाऱ्यावरच्या किरेनियाजवळ उतरलं. चार दिवसांत अथेन्सची लष्करशाही कोसळली, निकोसियातलं बंडखोर सरकारही गेलं. सैन्य उतरवण्याचं जे कारण सांगितलं होतं, म्हणजे ते बंड, ते संपलं होतं. तरीही १४ ऑगस्टला तुर्की सैन्याने दुसरी चढाई केली आणि बेटाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग घेतला. या दुसऱ्या चढाईचं समर्थन मला कधीच पटलेलं नाही. दीड लाखाच्या वर ग्रीक सायप्रियट दक्षिणेला पळाले, आणि चाळीस-पन्नास हजार तुर्की सायप्रियट उत्तरेला गेले. १९८३ मध्ये उत्तरेने स्वतंत्र प्रजासत्ताक जाहीर केलं, त्याला तुर्कस्तानशिवाय कोणीही मान्यता दिलेली नाही.

तिथे मी एक गोष्ट शिकलो. दुःख कोणत्या सालापासून मोजायचं, यावर दोन्हीकडे एकमत नाही. दक्षिणेत कोणालाही विचारा, उत्तर १९७४. शाळेच्या वह्यांवर ‘देन क्सेख्नो’, म्हणजे ‘मी विसरत नाही’, असं छापलेलं असायचं. उत्तरेत उत्तर १९६३, आणि १९७४ म्हणजे सुटका. निकोसियातून उत्तरेकडे पाहिलं की डोंगराच्या उतारावर रंगवलेला उत्तरेचा प्रचंड झेंडा दिसतो. रात्री तो दिव्यांनी उजळतो, आणि रोज तो दक्षिणेच्या घरांच्या खिडक्यांतून दिसतो. दोन्ही सालं खरी आहेत. पण प्रत्येक शाळेत एकच शिकवलं जातं.

बेपत्ता माणसांची यादी मात्र एकच आहे. त्यात २,००२ नावं आहेत, १,५१० ग्रीक आणि ४९२ तुर्की सायप्रियट. निकोसियाच्या बंद पडलेल्या विमानतळाच्या परिसरात, दोन्ही फौजांमधल्या पट्ट्यात, एक प्रयोगशाळा आहे. दोन्ही समाजांचे तरुण शास्त्रज्ञ विहिरींतून, शेतांतून काढलेली हाडं जुळवतात आणि डीएनएवरून ओळख पटवतात. अशी हजाराहून जास्त माणसं घरच्यांच्या हवाली झाली आहेत. हे काम मला त्या बेटावरच्या सगळ्या वाटाघाटींपेक्षा मोठं वाटतं.

आणि सांडपाण्याचीही एक गोष्ट आहे. शहर दुभंगलं तरी उतार बदलला नाही, गटारं उत्तरेकडेच वाहणार. १९७० च्या दशकाअखेरीस दोन्हीकडचे महापौर, लेलोस देमेत्रियादेस आणि मुस्तफा अकिंजी, एकत्र बसले आणि दोन्ही बाजूंचं मैलापाणी उत्तरेतल्या एकाच केंद्रात नेऊन शुद्ध करायचं ठरवलं. दोन्ही सरकारं एकमेकांना मान्य करत नव्हती, तेव्हा हे काम झालं. पुढे अकिंजी उत्तरेचे राष्ट्राध्यक्ष झाले.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. बोलतात का? २३ एप्रिल २००३ पर्यंत जवळजवळ नाही. त्या दिवशी अचानक निकोसियातलं लेड्रा पॅलेसचं नाकं उघडलं आणि लोकांच्या मैलभर रांगा लागल्या. वर्षभराने एकीकरणाच्या योजनेवर सार्वमत झालं. उत्तरेने ६५ टक्क्यांनी होकार दिला, दक्षिणेने ७६ टक्क्यांनी नकार. आठवड्याभरात दक्षिण युरोपीय संघात गेली. आज लेड्रा स्ट्रीटवर पासपोर्ट दाखवून तुम्ही पाच मिनिटांत पलीकडे जाता. अलीकडे मागितली ती सायप्रस कॉफी, पलीकडे तीच तुर्की कॉफी. भांडंही तेच, गाळही तोच.

लिमासोलची माझी घरमालकीण किरेनियाजवळच्या गावची. २००३ मध्ये ती आपलं घर बघायला गेली. दार एका तुर्की सायप्रियट बाईने उघडलं, आत बोलावलं, कॉफी ठेवली आणि अस्खलित ग्रीकमध्ये विचारलं, “तुम्ही लिमासोलला असता ना? किल्ल्याच्या मागे आमचं घर होतं. कसं आहे हो ते?” माझी घरमालकीण किल्ल्याजवळच राहायची, पण तिने त्या गल्लीत कधी पाहिलं नव्हतं. परत आल्यावर ती शोधत गेली. छप्पर पडलेलं होतं. अंगणातली द्राक्षाची वेल मात्र जिवंत होती. तिने फक्त वेलीचा फोटो काढला आणि पुढच्या रविवारी तो घेऊन पुन्हा नाक्यावर रांगेत उभी राहिली.