गालावरची खूण कोणाले खुपली?

प्रश्न: ताई, मी दारव्हा तालुक्यातल्या खेड्यात राहते, बीए फायनलले आहे. अमेरिकन लेखक हॉथॉर्नची 1843ची 'द बर्थमार्क' ही गोष्ट आम्हाले अभ्यासाले आहे. एल्मर नावाचा शास्त्रज्ञ बायकोच्या डाव्या गालावरची इवल्याशा हाताच्या आकाराची जन्मखूण औषध पाजून काढते, खूण जाते अन् बायकोही मरते. गाईडमधे लिहून आहे का गोष्ट विज्ञानाच्या विरोधात आहे. मले तं पटत नाही, बियाणं-फवारणी समदं विज्ञानच आहे ना. पेपरात काय लिहू?

उत्तर: पोरी, तुले पटत नाही तेच बरोबर आहे. गाईड ठेव बाजूला अन् जॉर्जियाना नवऱ्याची प्रयोगाची वही वाचते तो भाग पुन्हा काढ. त्याचे गाजलेले प्रयोगसुद्धा त्याच्या मनात होतं त्यापुढे फसलेलेच होते, अन् हे त्यानं स्वतःच्या हातानं लिहून ठेवलेलं. फसलं ते फसलं म्हणून लिहिणं हेच तर विज्ञान, पण बायकोवर प्रयोग करायची वेळ आली तेव्हा त्यानं आपल्याच वहीचं ऐकलं नाही. तिनं हात लावताच त्याचं जादूचं झाड काळंठिक्कर पडलं, पत्र्यावर तिचा फोटो काढला तर चेहरा पुसट अन् गालाच्या जागी तेवढा तो इवलासा हात, तरी हा थांबत नाही.

पण मला विचारशील तर खरी गोष्ट जॉर्जियानाची आहे. लोक त्या खुणेचं कौतुक करायचे म्हणून तिलाही ती छानच वाटायची. लग्नानंतर नवरा टक लावून पाहायला लागला, त्या नजरेनं तिचे गाल पांढरे पडायचे अन् गाल पांढरे पडले की खूण आणखीच लाल उठायची, म्हणजे त्याला जे नको होतं ते त्याच्या पाहण्यानंच ठळक होत होतं, अन् शेवटी शेवटी तर त्याच्यापेक्षा जास्त तीच त्या खुणेचा राग करते. आपल्याकडं पाहुणे पोह्याची प्लेट हातात घेऊन पोरीचा रंग कसा न्याहाळतात ते तू पाहिलंच असशील, मग ती पोरगी कितीतरी दिवस आरशात तेच शोधत बसते. हे बिनधास्त लिही, मार्क कापले तर कापू दे.

अन् अमिनाडॅबला सोडू नको, तो भट्टीपाशी राबणारा काजळीनं माखलेला गडी. तो पुटपुटतो, ही माझी बायको असती तर मी ही खूण कधीच जाऊ दिली नसती. त्या प्रयोगशाळेत खुणेच्या बाजूनं बोलणारा तो एकटाच, अन् तेव्हा जॉर्जियाना बेशुद्ध पडलेली असते.