वाचकांचे प्रश्न : सरकणारी चांदणी, तरंगणारी माणसं अन् इस्रोची वाट

प्रश्न : परवा दिवस मावळल्यावर अंगणात बसलो होतो, एक मोठी चांदणी सरळ सरकत गेली. लुकलुक नाही, आवाज नाही, अन् मधीच गायब. कुणी म्हणतं ड्रोन, कुणी म्हणतं विमान. काय असंल? – एक वाचक, परळी

तुम्ही जे वर्णन लिहिलंय त्यावरून ते आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक असणार. विमान असतं तर लाल-हिरवे दिवे उघडझाप करताना दिसले असते. स्थानकाला स्वतःचा असा दिवा दिसत नाही, आपल्याकडं अंधार पडलेला असतो पण ४०० किलोमीटर वर अजून ऊन असतं, ते ऊन त्याच्या सोलर पॅनलवर पडून चमकतं, म्हणून ते दिवस मावळल्यावर नाहीतर पहाटंच दिसतं, मध्यरात्री सहसा नाही. मधीच गायब झालं म्हणजे पृथ्वीच्या सावलीत शिरलं. मावळतीच्या बाजूनं वर येतं अन् उगवतीकडं जातं, सगळा खेळ पाच-सहा मिनिटांचा. त्यात माणसं राहतात बरं का, २ नोव्हेंबर २००० पासून एक दिवसही ते रिकामं राहिलेलं नाही. नासाच्या 'स्पॉट द स्टेशन' वर आपलं गाव टाकलं की पुढच्या वेळा कळतात. पुण्या-मुंबईच्या उजेडापेक्षा तुमच्या अंगणातून हे कितीतरी चांगलं दिसतं, लेकरांना घेऊन बघा.

प्रश्न : वर्गात पोरं विचारतात, तिथं गुरुत्वाकर्षण नसतं म्हणून माणसं तरंगतात का? – एक शिक्षिका, जिंतूर

मॅडम, हा गैरसमज फार पसरलाय आणि शाळेतच तो निघाला पाहिजे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ४०० किलोमीटर म्हणजे जालन्याहून रस्त्यानं मुंबई जेवढी लांब, साधारण तेवढंच वर. एवढ्याशा उंचीवर गुरुत्वाकर्षण कुठं जाणार? जमिनीवर असतं त्याच्या ९० टक्क्यांच्या आसपास तिथंही असतंच. मग तरंगतात कशी? तर ती सगळी पडतायत, स्थानकासकट, सतत.

पोरांना असं सांगा : माळवदावरून गोफणीनं दगड भिरकावला तर तो पुढं जाऊन पडतो, जोरात भिरकावला तर आणखी पुढं. आता वेग वाढवत तासाला २८,००० किलोमीटरवर न्या. स्थानक एका सेकंदात साडेसात किलोमीटरच्या वर पुढं जातं अन् तेवढ्यात सव्वाचार मीटरच्या आसपास खाली पडतं, पण पृथ्वी गोल असल्यानं तेवढ्या अंतरात तिचा पृष्ठभागही तितकाच खाली वळलेला असतो. म्हणून पडत राहतं पण जमिनीला लागत नाही, दीड तासात एक फेरी.

वर्गात करून दाखवायचं असेल तर प्लॅस्टिकच्या बाटलीला बुडाजवळ खिळ्यानं भोक पाडा, पाणी भरा, झाकण उघडं ठेवा. धार लागेल. तशीच बाटली उंचावरून सोडून द्या आणि मोबाईलवर स्लो मोशनमध्ये शूटिंग करा, बाटली पडत असताना धार बंद झालेली स्पष्ट दिसते, कारण पाणी अन् बाटली बरोबरच पडतायत, कुणी कुणावर दाब देत नाही. पोरं हे विसरत नाहीत.

आणखी एक सांगण्यासारखं, २०२५ च्या जून-जुलैत शुभांशु शुक्ला स्थानकावर गेले तेव्हा त्यांनी तिथं मेथी अन् मूग मोडवले, धारवाडच्या संशोधकांचा तो प्रयोग होता. बी खाली मूळ अन् वर कोंब सोडतं ते वजनाच्या जाणिवेवर, तिथं ती जाणीवच नाही, मग बियाण्यात, पुढच्या पिढीत काय फरक पडतो ते बघायचं. शेतकऱ्याच्या पोरांना हा प्रयोग लगेच कळंल.

प्रश्न : गावातल्या सगळ्या डिश एकाच बाजूला तोंड करून का? – एक वाचक, औसा

कारण टीव्हीचे उपग्रह विषुववृत्ताच्या बरोबर वर, सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतात. तिथं एक फेरी पृथ्वीच्या फिरण्याएवढाच वेळ घेते म्हणून ते जागचे हलत नाहीत असं वाटतं. विषुववृत्त आपल्या दक्षिणेला, म्हणून डिश दक्षिणेकडं नाहीतर आग्नेयेकडं. जोराच्या पावसात थेंब सिग्नल शोषतात, तेव्हा चित्र जातं, डिश बिघडली समजून हलवू नका.

प्रश्न : पोरगी जिल्हा परिषदेच्या शाळेत नववीत आहे, इस्रोत जायचं म्हणते. आमची कोरडवाहू शेती. किती पैसे भरावे लागतील, पुण्याला ठेवावं लागंल का? – एक पालक, गेवराई

दादा, पुण्याला ठेवायची गरज नाही अन् कुणाला पैसे तर अजिबात देऊ नका. नववीच्या मुलांसाठी इस्रोचाच 'युविका' नावाचा कार्यक्रम आहे, २०१९ ला सुरू झाला. मे महिन्यात दोन आठवडे मुलं इस्रोच्या केंद्रात राहतात, येण्या-जाण्याचा अन् राहण्या-जेवणाचा खर्च इस्रो करतं. साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये इस्रोच्या वेबसाईटवर फॉर्म निघतो. आठवीच्या मार्कांना सगळ्यात जास्त वजन आहे, विज्ञान प्रदर्शन, ऑलिम्पियाड, स्काऊट-गाईड यांचेही गुण धरतात, आणि पंचायत हद्दीतल्या शाळेतल्या मुलांना वेगळे गुण मिळतात, म्हणजे तुमच्या पोरीचं गाव तिला इथं उपयोगालाच येतं. प्रमाणपत्रं हेडमास्तरांकडून आत्ताच काढून ठेवा, ऐनवेळी पळापळ होते. अन् नंबर नाही लागला तरी रस्ता बंद होत नाही.

बारावीनंतर तिरुवनंतपुरमला आयआयएसटी आहे, अंतराळ खात्याचीच संस्था, तिथला बीटेकचा प्रवेश जेईई अॅडव्हान्स्ड या इंजिनियरिंगच्या प्रवेश परीक्षेवर होतो. दुसऱ्या कॉलेजातून इंजिनियर होऊनही इस्रोची परीक्षा देता येते. आपल्याकडं अकरावीला लातूर-नांदेडला टाकलं की घरचे डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेचंच घेऊन बसतात आणि पोरं गणित सोडून देतात, मला याचं फार वाईट वाटतं कारण गणित सुटलं की इंजिनियरिंगचा हा रस्ताच सुटतो. तिला गणित सोडू देऊ नका, जीवशास्त्र सोबत घेतलं तरी चालंल. आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं, इस्रोत फक्त शास्त्रज्ञ नसतात, आयटीआय केलेले फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन टेक्निशियन म्हणून लागतात, डिप्लोमावाल्यांसाठी टेक्निकल असिस्टंटच्या जागा निघतात. त्या जाहिराती इस्रोच्या वेबसाईटवरच येतात, घरात अजून कुणी पोरगं आयटीआयला असेल तर त्यालाही सांगून ठेवा.