२२ किलोवर अडकलेलं वजन: अँप्लिफायरला हात लावू नका, आधी कार्ड तपासा

५० किलोचा लोडसेल (वजनाचा सेन्सर), त्याचा बारीक सिग्नल वाढवणारा एडी ६२० हा अँप्लिफायर आयसी, पुढे पीएलसीचं (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचं) अ‍ॅनालॉग कार्ड. रिकाम्या पॅनला ‘वायर तुटली’ची एरर, मधले आकडे बऱ्यापैकी बरोबर, आणि २२-२३ किलोच्या पुढे आकडा जागचा हलत नाही. वायर सोडवून मीटर लावला की ४० किलोला ८ व्होल्ट दिसतात. भोसरीच्या शेडमधली तुमची ही तक्रार वाचली आणि जुनं दुखणं आठवलं.

तुमचा अँप्लिफायर ठीक आहे. कार्डाचं ते चॅनल व्होल्टेजवर नसून ४-२० मिलिअँपवर आहे, माझी तरी जवळजवळ खात्री आहे. अशा करंट मोडमध्ये बऱ्याच कार्डांच्या आत सिग्नल आणि कॉमनमध्ये २५० ओहमचा रेझिस्टर असतो. ८ व्होल्ट टिकवायचे तर त्यातून ३२ मिलिअँप जायला हवेत. एडी ६२० साधारण १८ मिलिअँपलाच हात टेकतो. १८ गुणिले २५० म्हणजे साडेचार व्होल्ट, म्हणजेच तुमचे २२-२३ किलो. खालच्या टोकाचंही तेच: ४ मिलिअँपला १ व्होल्ट लागतो, तो पॅन धरून ५ किलोला येतो. त्याच्या खाली कार्डाला वाटतं वायर तुटली. आयसीला बोट लावून बघा, वजन ठेवल्यावर कोमट लागेल.

खात्री करायला पॉवर बंद करा, वायर काढा आणि कार्डाच्या त्या दोन टर्मिनलवर ओहम मोजा. २५०च्या आसपास आलं तर विषय संपला; व्होल्टेज मोडला शेकडो किलोओहम किंवा जास्त यायला हवं. मग जंपर किंवा डिप स्विच बदला, आणि सॉफ्टवेअरमधलं चॅनल सेटिंगही. दोन्ही. एकच बदलून लोक पुन्हा तिथेच येतात.

कार्ड विकणाऱ्यांच्या हेल्पलाइनवर विसंबू नका. ‘सिग्नल कमजोर आहे, पुढे ट्रान्झिस्टर लावा’ हे उत्तर तिथून तीनदा ऐकलंय, जंपरचं नाव कुणी काढलं नाही. आणि तो सल्ला घातक आहे. दमदार ड्रायव्हर लावलात तर २५० ओहममधून ४० मिलिअँप वाहतील, जवळजवळ ०.४ वॉट. तो बारीक रेझिस्टर जळला की चॅनल गेलं. एडी ६२०च्या अशक्तपणामुळेच तुमचं कार्ड अजून शाबूत आहे.

आता उघडलंच आहे तर गेनही (सिग्नल किती पट वाढवायचा ते) बदला. २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्टच्या सेलला १० व्होल्ट दिले की पूर्ण वजनाला २० मिलिव्होल्ट मिळतात. गेन ठरवणाऱ्या तुमच्या १०० ओहमच्या रेझिस्टरने गेन ४९५ होतो, म्हणजे ९.९ व्होल्ट. पॅनचं वजन आणि धक्का यांना जागाच उरत नाही. १२० ओहमचा मेटल फिल्म रेझिस्टर घाला: गेन ४१३, सव्वाआठ व्होल्ट. बारीक जुळवणी पीएलसीच्या स्केलिंगमध्ये करा, प्रीसेट (फिरवून जुळवायचे रेझिस्टर) जितके कमी तितकं बरं. अँप्लिफायरचा सप्लाय ±१५ व्होल्टच ठेवा. लोडसेलच्या आतल्या ब्रिजचा मध्य ५ व्होल्टवर बसतो, त्यामुळे एकेरी १२ व्होल्टवर आतले टप्पे मोठ्या सिग्नलला आधीच अडकतात. एलएम ३५८ या साध्या ऑप-अँपचा विचारही नको. त्याचा ३ मिलिव्होल्टचा ऑफसेट (इनपुट शून्य असतानाची चूक) ५०० पट झाला की दीड व्होल्ट होतो.

पुण्याच्या तपकीर गल्लीतून किंवा ऑनलाइन घेतलेला आयसी अस्सल आहे का, अशी शंका असेल तर दोन्ही इनपुट शून्याला (ग्राउंडला) जोडून आउटपुट बघा. एवढ्या गेनला ०.१ व्होल्टच्या वर दिसलं तर तो बाजूला ठेवा.

शेजारची व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारी ड्राइव्ह) चालू झाली की शून्य सरकतं म्हणालात, तो वेगळा रोग आहे. ड्राइव्हचा इलेक्ट्रिकल गोंगाट आयसीच्या आत रेक्टिफाय होऊन डीसी बनतो, मग पीएलसीतला फिल्टर काही करू शकत नाही. प्रत्येक इनपुटला सिरीजमध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर, दोन्हीकडून शून्याला १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर, दोन इनपुटच्या मधे १० नॅनोफॅरडचा, सगळं आयसीच्या पायांना खेटून. शील्ड एकाच टोकाला, पॅनलकडे.

हे सगळं कारखान्यातल्या बॅचिंगपुरतं. या काट्यावर माल तोलून विकणार असाल तर वैधमापनाचा शिक्का असलेला काटाच लागतो, तिथे घरगुती सर्किट चालत नाही.